दोरी मागितली होती

दिनांक ६ जानेवारी

चि. कन्येस, वडिलांकडून.

तू पाठवलेले पाकीट आणि त्यातील बोटाच्या पेराएवढी वस्तू मिळाली. नऊ वर्षांनी तुझे अक्षर पाहिले. बिघडले आहे. बँकेत होतीस तोपर्यंत बरे होते.

सोबतच्या चिठ्ठीत तू तीन ओळी लिहिल्या आहेस. सिनेमा पूर्ण झाला, तो माझ्या आयुष्यावर आहे, आणि पंधरा फेब्रुवारीस कामगार सभागृहात त्याचा पहिला खेळ असून मी पहिल्या रांगेत बसावे. बँकेचा राजीनामा मागे घेईपर्यंत या घरात पाऊल ठेवू नकोस, असे मी तुला बजावले होते. सभागृहाविषयी मी काही म्हटले नव्हते. तेव्हा निमंत्रण नियमात बसते.

ती वस्तू कशात घालावी हे मला ठाऊक नसल्यामुळे गल्लीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले आणि आम्ही दोघांनी तुझा सिनेमा पाहिला. संपल्यावर तो डोळे पुसत होता. मला म्हणाला, “काका, तुम्ही असे निघालात? आणि आम्ही तुम्हाला रिमोटच्या सेलवरून भांडणारा म्हातारा समजत होतो.” मी ती वस्तू परत खिशात घातली. संध्याकाळपर्यंत सबंध गल्लीला कळले. दुसऱ्या दिवशी न्हाव्याने मला रांग सोडून पुढे बसवले. मी पुन्हा रांगेत जाऊन बसलो, तर तोही त्यांनी माझा मोठेपणा मानला.

आता चुका. तू लगद्याच्या हौदाचे तोंड दाखवले आहेस, त्यातून म्हैस उतरेल. आमच्या कागद कारखान्याच्या हौदाचे तोंड एवढे अरुंद होते की एक हात वर केल्याशिवाय माणसाचे खांदे आत जात नसत. तुझे कामगार हौदात उतरून मुकाट्याने लगदा खरवडतात आणि मागे बासरी वाजते. हौदात मुकाट्याने काम करण्याची पद्धत नव्हती. आत उतरलेल्या माणसाने सतत बोलत राहायचे, हा नियम होता. काहीही बोलावे, पण बोलावे. वरचा माणूस दोरी धरून ऐकत उभा असे. आतला गप्प झाला की वर ओढायचे. म्हणून आत पाठवायला बोलकी माणसे निवडत. ज्याच्या मृत्यूवर तू हा सिनेमा उभा केला आहेस, तो आमचा जोडीदार तर झोपेतही बोलत असे. त्याला सगळा कारखाना रेडिओ म्हणत असे. त्याला तू अडीच वाक्ये दिली आहेस.

पुढे. तुझ्या सिनेमात माणसे वासाने गुदमरतात, नाकाला फडके लावतात. सडलेल्या लगद्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, हे खरे. परंतु आम्ही वासाला भीत नव्हतो. वास येतो आहे तोवर काम करावे, आणि तो एकाएकी नाहीसा झाला तर असेल ते टाकून वर यावे, असे आम्हाला शिकवले होते. तो वायू आधी नाक बंद करतो आणि मग डोके. आणखी एक. रेडिओ आत कोसळल्यावर मी हौदात उडी घेतो, असे तू दाखवले आहेस. वरच्या माणसाने उडी घ्यायची नसते. उडी घेतली की एकाच्या जागी दोन प्रेते निघतात. हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही माहीत होते.

या चुका राहिल्या तरी चालतील. पाहणाऱ्यांना कळणार नाहीत.

शेवटचे दृश्य मात्र काढावे. साहेब माझ्यापुढे जबाबाचा कागद ठेवतात, त्यात रेडिओला दोरी दिली होती पण त्याने ती नाकारली असे लिहिलेले असते, आणि मी तो कागद फाडून त्यांच्या टेबलावर टाकतो. त्यानंतर पडदा काळा होतो आणि माझा फोटो येतो, खाली ‘ही एका खऱ्या माणसाची गोष्ट आहे’ असे लिहून. हे दृश्य आणि हा फोटो पंधरा फेब्रुवारीच्या आत काढून टाकावा. कारण विचारू नये.

वडील

दिनांक १९ जानेवारी

चि. कन्येस,

कारण विचारू नये असे लिहिले असता तू चार पाने भरून कारण विचारले आहेस.

तू म्हणतेस की ते दृश्य तुझे नव्हे, आईने सांगितलेले आहे. दवाखान्यातल्या शेवटच्या महिन्यात ती तुला रोज तेच सांगत असे, आणि तू सात वर्षांची असताना मी कारखान्यातून घरी येऊन ते सांगितल्याचे तुलाही अंधुक आठवते. तू दवाखान्यात येत होतीस हे मला माहीत होते. तुझी वेळ टाळून मी जात होतो.

तुझ्या आईला गोष्ट सांगताना पदरचे घालण्याची सवय होती. तिच्या सांगण्यावर विसंबून राहणे ही तुझी चूक. तू स्वतःला सत्य शोधणारी म्हणवतेस. तर मग तुझ्या सिनेमात मला त्याच दिवशी कामावरून काढून टाकले आहे आणि प्रत्यक्षात मी त्याच कारखान्यातून एकोणीस वर्षांनी मुकादम म्हणून निवृत्त झालो, ही विसंगती तुझ्या नजरेस का आली नाही? तू मुकादमाला मिळणाऱ्या दोन खोल्यांत वाढलीस. ज्या खिडकीपाशी टेबल ठेवून तू अभ्यास केलास, ती मुकादमाच्या खोलीची खिडकी होती. कागद फाडणाऱ्याला कोणता कारखाना खिडकी देतो?

सत्काराला भिता का, असे तू विचारले आहेस. मी कोणालाही भीत नाही. दृश्य काढावे.

वडील

दिनांक २४ जानेवारी

चि. कन्येस,

मागील पत्रात तुझ्या आईविषयी एक वाक्य आहे. ते खोडून टाकावे. पत्र जपून ठेवले असल्यास शाईने खोडावे आणि समासात लिहावे की वडिलांच्या सूचनेवरून खोडले. तिने पदरचे काही घातले नाही. मी तिला जे सांगितले तेच तिने तुला सांगितले.

मी सही केली.

हे वाक्य लिहिण्यास मला चार दिवस लागले. आता लिहिले आहे, तेव्हा पुढचेही लिहितो. मध्ये थांबून रडू नये. मला ते आवडत नाही.

कारखाना तीन दिवसांच्या बंदनंतर सुरू व्हायचा होता. हौदातला लगदा सडला होता, तो दुपारच्या आत साफ होणे भाग होते. हौदाची दोरी साहेबांनी सकाळी ट्रकवर लोखंडी रूळ बांधण्यासाठी नेली होती. रेडिओ तोंडाशी आला, एक हात वर केला, आणि मला म्हणाला, “मास्तर, दोरी?” मला तेथे मास्तर म्हणत. चौथी पास होतो आणि इतरांची भाषा सुधारीत असे, म्हणून.

मी म्हणालो, “येतेय. तू सुरू कर.”

मी त्याच्याहून सहा वर्षांनी जुना होतो. मी नाही म्हटले असते तर काम थांबले असते. साहेबांनी मला चार शब्द सुनावले असते. ते चार शब्द मला नको होते. रेडिओच्या मरणाचे याहून मोठे कारण मी एकतीस वर्षे शोधतो आहे. ते सापडलेले नाही.

तो उतरला आणि बोलू लागला. त्याने बायकोची तक्रार सांगितली, साहेबांच्या बोलण्याची नक्कल केली, वासाची तुलना साहेबांच्या मोज्यांशी केली. मी वर हसत होतो. मग तो म्हणाला, “मास्तर, वास गेला बघ. साहेबांनी आंघोळ केली वाटतं.”

त्यानंतर तो बोलला नाही.

मी ओरडलो. माझ्या हातात ओढायला काही नव्हते. मी शिडीच्या दोन पायऱ्या उतरलो आणि परत वर आलो. वरच्या माणसाने उतरायचे नसते, हा नियम मला त्या वेळी आठवला असे मी पुढे सगळ्यांना सांगितले, तुलाही पहिल्या पत्रात सांगितले. नियम मला नंतर आठवला. परत वर आलो तो भीतीने. मग मी ट्रककडे धावलो. रुळाच्या गाठी आवळून मारलेल्या होत्या. त्या सोडवून दोरी आणेपर्यंत काही उरले नव्हते.

तीन दिवसांनी साहेबांनी मला आणि पंपवाल्याला खोलीत बोलावले. पंपवाला हौदाशेजारचा पंप चालवीत असे. तीन महिन्यांपूर्वी लागलेला, कायम न झालेला, अंगकाठीने किरकोळ माणूस. त्या दिवशी तो पंपापाशी होता, म्हणून साक्षीदार. साहेबांनी छापलेला जबाब पुढे ठेवला. पंपवाल्याला वाचता येत नव्हते. त्याने मला विचारले, “मास्तर, काय लिहिलंय?” मी वाचून दाखवले. “मृत कामगारास दोरी देण्यात आली असता त्याने ती नाकारली.”

त्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि फाडला. घाई केली नाही. दोनाचे चार केले, चाराचे आठ, आणि टेबलावर ठेवून म्हणाला, “त्यानं दोरी मागितली होती. मी ऐकलंय. मास्तरांनीही ऐकलंय.”

साहेबांनी खणातून दुसरी प्रत काढली. तिच्यावर मी सही केली.

संध्याकाळी पंपवाला वळकटी घेऊन फाटकातून बाहेर पडला. मी पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो, तो जाईपर्यंत. घरी आलो. तू जेवत होतीस. तुझ्या आईने विचारले, काय झाले. मी म्हणालो, “कागद पुढे केला होता. मी फाडला.” तुझी आई माझ्याकडे इतक्या अभिमानाने पाहत राहिली की पोळी तव्यावर जळली. तू टाळ्या वाजवल्यास. तीन महिन्यांनी मला मुकादम केले, आपण दोन खोल्यांत गेलो. तुझ्या आईने नव्या फळीवर भांडी लावली आणि काहीही विचारले नाही. ती मूर्ख नव्हती. तरीही शेवटच्या महिन्यात तिने तुला तीच गोष्ट रोज सांगितली. का, ते मला कळत नाही, आणि विचारायला आता ती नाही.

तेव्हा पहिल्या पत्रातील माझी मागणी मी दुरुस्त करतो. दृश्य काढू नये. दृश्य खरे आहे. त्यातला माणूस चुकला आहे. मी एका गरीब माणसाचे कृत्य चोरून घरी आणले, आणि तुला ते वारसा म्हणून मिळाले. ते परत करावे.

वडील

दिनांक ४ फेब्रुवारी

चि. कन्येस,

तुझे उत्तर मिळाले. तू रागावली आहेस. ते योग्य आहे. परंतु रागाच्या पानांमध्ये तू एक युक्तिवाद केला आहेस, त्याला उत्तर देणे मला भाग आहे.

तू लिहितेस की सिनेमा आता माझा राहिलेला नाही, तो माझ्यासारख्या सगळ्यांचा आहे. ज्यांच्यापुढे रोज असे कागद सरकवले जातात त्यांना पडद्यावर एक तरी कागद फाटताना दिसला पाहिजे, फाडणाऱ्याचे नाव कोणते याने काय फरक पडतो. हे तू फार चांगले लिहिले आहेस. वाचताना मलाही क्षणभर पटले. मग मी ते पंपवाल्याच्या जागी बसून वाचले.

तुमचा सिनेमा आमच्यासाठी न्याय मागतो म्हणे. न्याय मागणाऱ्याने पहिली गोष्ट ही पाहावी की आपल्या हातून कोणाचे काही लाटले जात नाही ना. त्या माणसाजवळ त्या दिवशी फक्त एक गोष्ट होती, नाही म्हणण्याची. नोकरी साहेबांनी घेतली. ती उरलेली गोष्ट मी घेतली. आता तू ती मोठ्या पडद्यावर, बासरीसकट, माझ्या नावावर करून देणार. सगळ्यांचे म्हणून एकाचे काढून घ्यायचे, हे साहेबही करीत. तेही आम्हाला कारखान्याच्या भल्याच्या गोष्टी सांगत.

कामगारांना वाईट वाटेल, त्यांचा धीर सुटेल, असेही तू म्हणतेस. सुटणार नाही. त्यांच्यात सही करणारे किती आणि फाडणारे किती, हे त्यांना माहीत आहे. सही करणारा म्हातारा उभा राहून सही केल्याचे सांगतो, एवढे त्यांनी अजून पाहिलेले नाही. तेही दाखव.

आता दुसरे. काल मी रेडिओच्या बायकोकडे गेलो होतो.

ती तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहते. दवाखान्याच्या उशांचे अभ्रे शिवते. कारखान्याने जागा काढून घेतल्यापासून हेच करते आहे. मी दारात उभा राहिलो तेव्हा तिने शिलाई यंत्र थांबवले नाही. “बसा भाऊजी,” म्हणाली, “तो ढीग सरकवा.” मी ढीग सरकवला आणि बसलो. अभ्रे कोरे होते, माझ्या मांडीवर पांढऱ्या कापडाचा कोंडा पडत होता. तुझ्या सिनेमाचे निमंत्रण तिच्या यंत्राच्या फळीवर होते. तू तिला पाठवलेस हे मला ठाऊक नव्हते.

मी जाताना वाक्ये ठरवून गेलो होतो. ती सगळी विसरलो. म्हणालो, “वहिनी, त्याने दोरी मागितली होती. मी दिली नाही. आणि मी खोटी सही केली.”

यंत्र थांबले.

मला वाटले होते तिला हे माहीत असणार. माझ्या सहीचा कागद तिला कारखान्याने दाखवला होताच, त्याच्याच आधारावर भरपाई नाकारली, जागा काढून घेतली. मी मनाशी असे धरून चाललो होतो की ती एकतीस वर्षे मला शिव्या देत असेल, आणि आज फक्त तोंडावर देईल. त्याची माझी तयारी होती.

ती म्हणाली, “कागद दाखवला होता मला. वाचता येत नव्हतं. मी विचारलं, सही कुणाची आहे? ते म्हणाले, मास्तरांची. मग मी म्हटलं, मास्तरांनी सही केलीय म्हणजे खरंच असणार. तो माणूस चुकीचं एक अक्षर लिहायचा नाही.”

 ती पुढे म्हणाली, “एकतीस वर्षं मी त्यालाच शिव्या घालत आलेय भाऊजी. रोज. मेल्या, कसला रुबाब होता तुझा, दोरी बांधून घेतली असतीस तर काय कंबर झिजली असती? पोरीलाही हेच सांगितलं. बाप तुझा फाजील होता म्हणून मेला.”

त्या खोलीतून उठून जाण्याची इच्छा मला फार झाली. मी उठलो नाही. एवढे मी माझ्या बाजूने लिहितो.

तिने विचारले, शेवटी तो काय बोलला. तुझ्या सिनेमात तो “मास्तर, माझ्या पोरीला शिकवा” असे म्हणून मरतो. मी तिला आधी ते सांगितले. तिने तोंड वाकडे केले. “हे तो बोलला? हा माणूस पोरीची इयत्ता विसरायचा.” मग मी खरे सांगितले. मोजे सांगितले, आंघोळ सांगितली. ती हसली. एकदम, मोठ्याने, हातातला अभ्रा तोंडाशी धरून हसली. नंतर हसणे थांबले आणि तिने यंत्राच्या चाकावर हात ठेवला.

“हे त्याचंच,” म्हणाली. “हे इतकी वर्षं तुमच्याकडे ठेवून घेतलंत.”

मी क्षमा मागितली नाही. तुला हे विचित्र वाटेल. क्षमा मागितली की समोरच्यावर ती देण्याची जबाबदारी येते. तिच्यावर आधीच पुष्कळ जबाबदाऱ्या आहेत.

निघताना ती म्हणाली, “पंधरा तारखेला मी येणार आहे. मला एकटीला सांगून भागायचं नाही. कागद सगळ्यांना दाखवला होता, हेही सगळ्यांपुढे सांगा.”

तेव्हा निर्णय झालेला आहे. तू सिनेमा बदललास तर उत्तम. बदलला नाहीस तरी मी पहिल्या रांगेत बसेन, आणि ते दृश्य आले की उभा राहीन. मला अडवण्याचा प्रयत्न करू नये. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, धक्काबुक्की केल्यास तुझ्याच सिनेमाची बदनामी होईल.

वडील

दिनांक २७ फेब्रुवारी

चि. कन्येस,

पंधरा तारखेस घडले ते तू पाहिलेस, परंतु तू कडेच्या दरवाजापाशी उभी होतीस आणि मी पुढे होतो, म्हणून माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

तू सिनेमा बदलला नव्हतास. इतक्या थोड्या दिवसांत बदलणे शक्य नव्हते असे तुझे म्हणणे. मी ते मान्य करतो. दृश्य आले, मी उभा राहिलो. मागून कोणी म्हणाले, “ओ काका, खाली बसा, पिक्चर दिसत नाही.” रेडिओची बायको माझ्या शेजारी होती. ती मागे वळून म्हणाली, “माझ्या नवऱ्याचा पिक्चर आहे. तुम्ही गप्प बसा.” मग कागद फाटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांमध्ये मी बोलू लागलो. कोणाला ऐकू जात नव्हते.

तेव्हा तू दिवे लावायला सांगितलेस. ते तू सांगितलेस, इतर कोणी नव्हे. याची मी नोंद घेतली आहे.

मी सगळे सांगितले. काही लोक उठून गेले. एक जण म्हणाला, कारखान्याने म्हाताऱ्याला विकत घेतले असेल. मी त्याला म्हणालो, “घेतले होते. एकतीस वर्षांपूर्वी.” तो बसला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, हे योग्य झाले. मग तू दरवाजापाशी उभी राहूनच विचारलेस, “बाबा, त्यांचं नाव काय होतं?”

पंपवाल्याचे नाव मला आठवले नाही. आठवले नाही असे म्हणणेही पुरेसे नाही. मी ते कधी विचारलेच नव्हते. हौदावर, साहेबांच्या खोलीत, माझ्या खोट्या गोष्टीत, आणि तुला लिहिलेल्या पत्रातही तो पंपवालाच होता. सबंध सभागृहापुढे मी मान हलवली. त्या दिवसात मला खरी लाज वाटली ती त्या एका क्षणी.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी कामगार कार्यालयात गेलो. तेथील कारकुनाला अर्ज दिला की अमुक अपघातप्रकरणी मी दिलेला जबाब खोटा आहे, तो मी मागे घेतो, आणि खरा जबाब सोबत जोडला आहे. तो हसला. “आजोबा, जबाब मागे घ्यायचा फॉर्म नसतो.” मी म्हणालो, साध्या कागदावर घ्यावा. तो म्हणाला, एकतीस वर्षे झाली, ते साहेब आता जिवंतही नसतील. मी म्हणालो, “सही करणारा जिवंत आहे.” त्याने मला दुसऱ्या टेबलावर पाठवले, तिकडून तिसऱ्या. मी चार दिवस गेलो. डबा घेऊन जात होतो. पाचव्या दिवशी त्याने मला पाहिल्याबरोबर शिक्का काढला आणि अर्जाच्या प्रतीवर मारून दिला. पुढे काय होईल असे मी विचारले. तो म्हणाला, काही नाही. पोच मात्र मिळाली. ती मी रेडिओच्या बायकोकडे दिली. तिने ती निमंत्रणाशेजारी ठेवली आणि अभ्रे शिवू लागली.

त्याच कारकुनाने, मी जाईनासा झालो तेव्हा, जुन्या नोंदवह्या खाली काढल्या. कमी केलेल्या कामगारांच्या यादीत तो सापडला. कारण या रकान्यात ‘उद्धटपणा’ असे लिहिले आहे. नावही आहे, पूर्ण. ते मी वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडले आहे. या पत्रात, माझ्या मजकुराच्या शेजारी ते लिहिणे मला प्रशस्त वाटले नाही. पत्ता नाही. तू शोधावास. तुझ्याकडे माणसे आहेत, गाडी आहे, आणि हट्ट तुला माझ्याकडून मिळाला आहे. तो असेल तर त्याला आधी विचारावे, त्याची गोष्ट दाखवू का. नको म्हणाला तर दाखवू नये. त्याला नाही म्हणता येते, हे आपल्याला माहीत आहे.

गल्लीत आता टीव्हीवाला माझ्याशी बोलत नाही. त्याला मी फसवले असे वाटते. न्हाव्याकडे मी रांगेत बसतो आणि कोणी मला पुढे बसा म्हणत नाही. मी पूर्वीच्याच वेळी, पूर्वीच्याच रस्त्याने, मान वर ठेवून जातो. खोटे बोलत होतो तेव्हा मान वर होती, खरे बोलल्यावर ती खाली घालावी असा नियम असेल तर तो मला मान्य नाही.

तुझी चिठ्ठी परवा आली. शेवट पुन्हा चित्रित करणार आहेस, आणि त्याआधी घरी यायचे आहे म्हणतेस. राजीनाम्याविषयीची माझी अट मी रद्द करतो. बँकेत राहिली असतीस तर हे बाहेर आले नसते. येताना जेवून येऊ नये.

माझे काम करणारा नट त्या दिवशी सभागृहात तू मला दाखवलास. बरा आहे. साहेबांपुढे बसताना तो खांदे पाडतो, ते चालेल. दुसरी प्रत समोर आल्यावर त्याचा हात थरथरेल, अशी तुझी योजना चिठ्ठीवरून दिसते. सगळ्यांना ते पाहून दया येईल. त्याला सांग, थरथरू नये. माझा हात थरथरला नव्हता. मी टाकाची निब पुसली, कागद सरळ केला आणि सही केली. अक्षर सुवाच्य आले होते.

वडील